दहावं गाणं

"सर, हे दहावं गाणं चुकून आलंय का?" ऋजुतानं विचारलं.

रूबेननं चष्मा कपाळावरून खाली घेतला, तिच्या हातातला कागद घेऊन लांब धरला, वाचला आणि परत दिला. "नाही. चुकून नाही."

"पण अख्खा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे ना? 'उतरण' तर तुमचंच गाणं आहे."

"माझं नाही ते. पद्याला विचार."

मी बेसच्या तारा फडक्यानं पुसत होतो. पुसतच राहिलो. ऋजुता आमची रेकॉर्डिस्ट, वयानं आमच्या मुलींसारखी. वानवडीच्या त्या छोट्या स्टुडिओत काचेपलीकडे बसून ती आम्हा दोन म्हाताऱ्यांचं सगळं सहन करायची. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे. नंतर सांगतो."

ही २०१३ सालच्या फेब्रुवारीतली सकाळ. रूबेन ओहोळ तेव्हा पासष्टचा होता. ज्यांनी त्याला स्टेजवर पाहिलंय त्यांना त्याच्याविषयी काही सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिलं त्यांच्यासाठी एवढंच, की मराठीत इलेक्ट्रिक गिटार लावून कुणी गाऊ शकतं हे लोकांना पटत नव्हतं तेव्हा हा नगरचा, मिशन हॉस्पिटलमधल्या कंपाउंडरचा मुलगा पुण्याच्या कॅम्पात उभा राहून गात होता. आमच्या बँडचं नाव 'तिठा'. मी टेलिफोन खात्यात नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवायचो. बँड अठ्ठ्याऐंशीत मोडला, पण रूबेन गात राहिला आणि मी त्याच्याबरोबर वाजवत राहिलो.

आदल्या वर्षी त्याच्या घशातली एक गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण वरच्या पट्टीतले दोन-तीन सूर कायमचे गेले. सहा महिने तो कुणाशी फारसं बोलला नाही. मग एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "पद्या, आता नवीन काही सुचणार नाही मला. पण दुसऱ्यांची काही गाणी आहेत, ती गायची राहिलीत. तेवढी गातो."

एका छोट्या कंपनीनं सीडी काढायचं कबूल केलं. रूबेननं गाणी निवडली. नगरच्या ख्रिस्ती देवळात त्याचे आजोबा म्हणायचे ते एक भजन होतं. गिरणीच्या संपाच्या सभेत ऐकलेलं एका शाहिराचं गाणं होतं. स्पर्धेत आम्हाला दोनदा हरवून गेलेल्या एका बँडचंही एक होतं. आणि प्रत्येक गाण्यासाठी त्याचा एकच हट्ट, की ज्याचं गाणं त्याला जाऊन भेटायचं. तो हयात नसेल तर त्याच्या मुलाबाळांना. कंपनीवाले म्हणाले, आम्ही पत्र पाठवतो. रूबेन म्हणाला, पत्र पाठवा, पण मी जाणारच. त्या शाहिराच्या मुलीला भेटायला आम्ही लालबागला गेलो होतो. तिनं बापाचा डफ भिंतीवरून काढून रूबेनच्या हातात दिला होता. अशा आठ भेटी झाल्या आणि आठही ठिकाणी मी बरोबर होतो. नववं गाणं आजोबांचं, म्हणजे घरचंच. दहाव्याबद्दल मात्र तो मला काहीच बोलला नव्हता.

ऋजुता चहा सांगायला गेली तेव्हा मी म्हणालो, "कशाला घालतोस ते? लोक गोंधळतील."

"गोंधळू देत. शरयूचं गाणं शरयूच्या नावानं जायला हवं."

"तिलाच नको होतं ना नाव."

"ते चौऱ्याऐंशीत. तेव्हा नवीन लग्न झालेलं, सासरचा धाक. आता साठीची झाली असेल. आता कुणाला भ्यायचंय तिनं?" तो हसला. "मी नंबर मिळवलाय. काल फोनही केला. 'या' म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. मी 'उतरण'बद्दल बोलायचंय म्हटलं. मग म्हणाली, या. रविवारी जाऊ. गाडी तुझी घे, माझ्या गाडीचा क्लच गेलाय."

शरयू बारटक्के आमच्या बँडमध्ये दोन वर्षं होती. कीबोर्ड वाजवायची आणि मागून सूर द्यायची. मुलगी म्हणून तिला पुढे उभं करा असं आयोजक सांगायचे तेव्हा ती म्हणायची, "मी नाचायला आलेली नाही." एक्याऐंशीच्या पावसाळ्यात ती आठ दिवस आलीच नाही. आली तेव्हा वहीच्या दोन पानांवर एक गाणं लिहून आणलं होतं. तेच 'उतरण'. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, ती बँड सोडून कराडला गेली आणि गाणं आमच्याकडे राहिलं. चौऱ्याऐंशीत आमची कॅसेट निघाली, तिच्यात ते होतं. त्याचं पुढे काय झालं हे महाराष्ट्रानं ऐकलंय. गणपतीच्या मांडवात वाजलं, लग्नाच्या वरातीत वाजलं. 'उतरणीला लागली गाडी, ब्रेक कुणाच्या हाती?' असं रूबेननं विचारलं, की पाच-पाच हजार लोक ओरडायचे, 'तुझ्या हाती!' कॅसेटच्या कव्हरवर छापलं होतं: शब्द आणि संगीत, रूबेन ओहोळ.

रविवारी सकाळी सातला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तशी रूबेननं खिडकी खाली केली आणि गुणगुणायला लागला. मी गाडी चालवत होतो, म्हणून बोलायची जबाबदारी माझ्यावर नव्हती, याचं मला बरं वाटत होतं. खंबाटकी उतरल्यावर एका टपरीजवळ थांबलो. त्यानं दोन वडे मागवले, घशासाठी साधं पाणी कोमट करून घेतलं.

मी ठरवलं होतं, की इथं बोलायचं. वाक्यसुद्धा तयार होतं. मी म्हणालो, "रूबेन, एक सांगायचंय."

"मलाही," तो म्हणाला. "मी आधी सांगतो, नाहीतर राहून जाईल. हे बघ, ते गाणं माझ्या नावावर आलं तेव्हा मला झोप नव्हती. तू जाऊन तिला विचारून आलास, ती स्वतः नको म्हणाली, म्हणून मी ते गाऊ शकलो. तीस वर्षं. नाहीतर पहिल्या टाळीलाच गळा बसला असता माझा. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही मी. आज म्हणतोय."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, "तुझं काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "पेट्रोल भरून घेऊ का, असं विचारत होतो."

कराडला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत घर होतं. मी पत्ता न विचारता वळणं घेत गेलो. रूबेन म्हणाला, "लक्षात आहे की तुझ्या अजून!" दारात एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. शरयूचे यजमान, मनोहर जठार. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. "या, या ओहोळसाहेब. आमच्या गल्लीला आज सकाळपासून माहीत आहे तुम्ही येणार ते."

शरयू आतून आली. केस पांढरे, कापलेले. सुती साडी. तीस वर्षांपूर्वी होती तशीच मान सरळ. शाळेत गणित शिकवून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती, हे नंतर कळलं. तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, "बसा. प्रवास नीट झाला ना तुमचा?"

ते 'तुमचा' ऐकून रूबेन जरा बिचकला. एकेकाळी ती त्याला भर स्टेजवर 'ए बेसुऱ्या' म्हणायची.

पाणी झालं, हवापाणी झालं. मग रूबेननं अल्बमचं सगळं सांगितलं. गाठीचं सांगितलं, आठ भेटींचं सांगितलं. ती ऐकत होती. तो म्हणाला, "शेवटचं गाणं 'उतरण' ठेवायचं मनात आहे. तुझ्या नावानं. तुझी परवानगी हवी."

"माझ्या नावानं," ती म्हणाली. "आज इतक्या वर्षांनी?"

"तेव्हा तूच नको म्हणालीस."

"मी?"

"अगं, पद्या आला होता ना. कंपनीचा फॉर्म घेऊन. तू सही केली नाहीस. सासरी कळायला नको, माझं नाव घालू नका, म्हणालीस."

शरयूनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान काहीतरी विचारेल. ती नुसती थांबली. गणित फळ्यावर मांडून मुलाच्या उत्तराची वाट बघत थांबतात तशी. तिला सगळं तेव्हाच कळलं होतं. ती एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असती. तिनं ते माझ्यावर सोडलं.

"मी भेटलो नव्हतो," मी म्हणालो.

रूबेन म्हणाला, "कुणाला?"

"शरयूला. आलो होतो. एसटीनं आलो, ह्या गल्लीत आलो. समोरच्या त्या दुकानापाशी अर्धा तास उभा राहिलो. दारात एक म्हातारे गृहस्थ होते. मिशा पांढऱ्या, हातात काठी. कुणावर तरी मोठमोठ्यानं ओरडत होते. मला वाटलं, ह्या घरात जाऊन मी काय सांगू? मी तुमच्या सुनेच्या बँडमधला, तिच्या गाण्याचा कागद आणलाय? तिला काय ऐकावं लागेल मागाहून? म्हणून परत फिरलो."

"आणि मला येऊन सांगितलंस..."

"हो."

"भेटलो नाही, एवढं सांगता आलं नसतं?"

"कंपनीनं आठवडा दिला होता. कॅसेट अडली असती. तू पुन्हा पाठवलं असतंस. आणि भ्यालो हे सांगायची लाज वाटली. मला वाटलं, कोण ऐकणार आहे ती कॅसेट. पुढच्या वेळी नाव घालू. मग ते गाणं गाजलं. मग सांगता येईना."

मग जठार अगदी हळू म्हणाले, "ते आमचे अण्णा. माझे वडील."

"असतील."

"ओरडत नव्हते हो ते. बहिरे होते. सगळ्यांशी तसंच बोलायचे. दूधवाल्याशी, देवाशीसुद्धा." त्यांनी शरयूकडे पाहिलं. "हिला रोज संध्याकाळी शेजारी बसवून गायला लावायचे. कान तिच्या तोंडाजवळ आणायचे. हे गाणंसुद्धा ऐकलंय त्यांनी. हिनं मला लग्नानंतर आठवड्याच्या आत सांगितलं होतं, की एक गाणं केलंय म्हणून. लपवायचं काहीच नव्हतं ह्या घरात."

रूबेन उठला. बाहेर गेला. पायरीवर बसलेली त्याची पाठ मला दारातून दिसत होती.

शरयू म्हणाली, "मला वाटायचं रूबेननं घेतलं."

"त्याचा दोष नाही."

"ते कळलं आता. एकोणतीस वर्षांनी." तिचा आवाज चढला नव्हता. "शाळेच्या गॅदरिंगला मुली त्याच्यावर नाचायच्या, पद्माकर. दरवर्षी कुठला ना कुठला वर्ग तेच गाणं घ्यायचा. मी शिक्षकांच्या ओळीत बसून टाळ्या वाजवायचे. पहिली काही वर्षं राग यायचा. मग राग गेला, पण गाणं ऐकवेना. त्यात गाडी होती, ब्रेक होता. माझी आई कुठेच नव्हती."

"आई?" मी विचारलं.

"तुला माहीत नव्हतं?" आता ती 'तू'वर आली होती. "त्या पावसाळ्यात आठ दिवस मी आले नव्हते, आठवतं? आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणाली. त्या आठवड्यात लिहिलं ते. 'उतरणीला लागला दिवस, हात कुणाच्या हाती.' असं होतं. तुम्ही पहिल्याच प्रयोगात दिवसाची गाडी केलीत. हाताचा ब्रेक केलात. तिसरं कडवं गाळलंत. मी म्हटलं, असू दे, पोरांना नाचायचंय. तेव्हा मीच बोलायला हवं होतं."

"ते मी केलं," दारातून रूबेनचा आवाज आला. तो केव्हा उठून आला होता, कळलं नाही. त्याचे डोळे लाल होते. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. "गाडी मी केली. कॉलेजात शो होता, लोक थंड होते, मी तिथल्या तिथे बदललं. लोक उठून नाचले. मग तेच ठेवलं. ते पद्याच्या डोक्यावर नको." तो खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसला. "शरयू, मला शिकव ते. तुझं होतं तसं."

"माझा गळा राहिला नाही."

"माझा तरी कुठे राहिलाय?"

जठारांनी आतून हार्मोनियम आणली. अण्णांची असणार, एक पट्टी बसलेली होती. शरयूनं साडीच्या पदरानं धूळ झटकली आणि सुरू केलं. आम्ही ते गाणं जितक्या वेगानं वाजवायचो त्याच्या निम्म्याहून कमी लय. आवाज बारीक, मध्येच फाटणारा. तिसऱ्या कडव्याला आली तेव्हा तिनं पट्टीवरून बोटं उचलली आणि नुसतंच म्हटलं:

डोळ्यांत तुझ्या मी दिसेना आई, नाव माझे आठवेना
मीच तुझी आई झाले आई, नीज तुला का येईना

रूबेननं तिच्या मागून म्हटलं. चुकला. तिनं थांबवलं, "'आठवेना'वर चढू नकोस. खालीच राहा." त्यानं पुन्हा म्हटलं. तो खाली राहिला. जे सूर त्याच्या गळ्यातून गेले होते त्यांची ह्या गाण्याला गरजच नव्हती.

तासाभरानं ती थांबली. रूबेननं विचारलं, "मग, परवानगी?"

"शब्द माझे घेणार असलास तर." मग ती उठली, कपाटातून एक वही आणि पेन काढलं, आणि माझ्यासमोर ठेवलं. "पद्माकर, लिही. मी सांगते."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. तिन्ही कडवी. 'दिवस' लिहिताना माझा हात सवयीनं 'गा' कडे गेला, ते अक्षर खोडावं लागलं. शेवटी मी थांबलो. ती म्हणाली, "खाली नाव."

मी लिहिलं: शब्द आणि संगीत, शरयू बारटक्के.

"जठार नको?" मी विचारलं.

"लिहिलं तेव्हा मी बारटक्के होते." तिनं पान फाडून रूबेनला दिलं. मला ती माफ करते असं म्हणाली नाही. जेवायला मात्र वाढलं. आमटी दुसऱ्यांदा हवी का, हेही विचारलं.

परतीच्या वाटेवर रूबेन साताऱ्यापर्यंत हातातलं ते पानच वाचत होता. सातारा मागे पडल्यावर म्हणाला, "त्या गाण्यावर तू वाजवणार नाहीस."

"बरं."

"बाकीच्या नऊंवर वाजव. ते काम आहे. ह्याच्यावर नको."

"बरं म्हटलं ना."

"मी झोपलो असेन निवांत इतकी वर्षं," तो म्हणाला, "पण ती तिथं टाळ्या वाजवत बसली होती." त्यानंतर पुण्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

नऊ गाणी आम्ही तीन आठवड्यांत संपवली. तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. "दुसऱ्या ओळीला आधी येतोयस." "परत घेऊ." ऋजुताला काय झालंय ते कळत नव्हतं, पण तिनं विचारलं नाही. दहाव्या गाण्याच्या दिवशी मला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी मी घरी कुंड्यांना पाणी घालत होतो. बायको म्हणाली, "आज रेकॉर्डिंग नाही?" मी म्हणालो, "आहे." आणि मग तिला सगळं सांगितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, तिलाही सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणून तू ते गाणं घरात कधी लावू दिलं नाहीस." मला स्वतःला हे माहीत नव्हतं.

अल्बम जूनमध्ये आला. पहिल्यांदा लोक चिडलेच. रूबेन ओहोळ म्हातारा झाला, त्याला आता गाडी झेपत नाही, असं कुणीतरी लिहिलं. रूबेननं जिथं जिथं मुलाखत दिली तिथं सांगितलं, की हे गाणं माझं कधीच नव्हतं, शरयू बारटक्केंचं होतं, आणि शब्द मी बिघडवले होते. नाव का नव्हतं, असं विचारलं की म्हणायचा, "आमच्या हातून राहिलं." एका पत्रकारानं 'आमच्या म्हणजे कुणाच्या' असे फाटे फोडायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "बँडच्या." मुलाखत आली त्या दिवशी मी ते पान चार वेळा वाचलं.

डिसेंबरमध्ये कराडच्या शाळेनं, म्हणजे शरयूच्याच शाळेनं, कार्यक्रम ठेवला. रविवारी दुपारी चारला, शाळेच्या सभागृहात. मला रूबेनचा नव्हे, जठारांचा फोन आला. "तुम्ही यायचं आहे. हिनं सांगितलंय." मी एकटा एसटीनं गेलो. मागच्या ओळीत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशेजारी जागा मिळाली. पुढे मुली, आया, काही जुने शिक्षक. शरयू तिसऱ्या ओळीत कडेला बसली होती.

रूबेननं नऊ गाणी गायली. बेसवर एक नवा मुलगा होता, बरा वाजवत होता, जरा घाई करायचा. मग रूबेननं गिटार खाली ठेवली. मागून पोरं ओरडली, "गाडी! गाडी!" तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "गाडी माझी होती. ती मी विकली. हे गाणं शरयू बारटक्केंचं, म्हणजे तुमच्या जठार बाईंचं आहे. बाई, या."

शरयू गेली नाही. बसल्या जागी मान हलवून नाही म्हणाली. सगळ्या मुली मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. रूबेननं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग काहीही साथ न घेता सुरू केलं. 'उतरणीला लागला दिवस.' तो आवाज मी पस्तीस वर्षं ऐकला होता, पण नेहमी त्याच्या उजव्या हाताला उभा राहून, बोटांकडे बघत, पुढची जागा मोजत. समोर बसून ऐकायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. तिसऱ्या कडव्याला 'आठवेना'वर तो खाली राहिला, आणि तिथं सभागृहातून एक दुसरा बारीक आवाज त्याला येऊन मिळाला. शरयू बसूनच गात होती. जठारांनी डोळे मिटले होते. माझ्या शेजारच्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

गाणं संपलं तेव्हा कुणी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एका मुलीनं वाजवली आणि सगळ्यांनी. शरयूनं हात मांडीवर तसेच ठेवले होते. आज तिला टाळ्या वाजवायच्या नव्हत्या.

लोक पांगले. मुलींनी शरयूला गराडा घातला होता, तिच्याकडे वह्यांवर सह्या मागत होत्या. मी दारापर्यंत आलो. सहाची एसटी मिळाली असती. पण पाय निघेना, म्हणून एका रिकाम्या बाकावर बसून राहिलो. स्टेजवर रूबेन स्पीकरच्या वायरी काढत होता. वाकायला त्याला त्रास होत होता, कंबर धरून सरळ होत होता. नवा मुलगा मुलींमध्ये फोटो काढून घेण्यात गुंतला होता.

दोनदा त्यानं माझ्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पद्या, बसून काय राहिलास? वायरी गुंडाळायला ये."

मी चपला स्टेजखाली काढल्या आणि वर गेलो. त्यानं वायरीचं एक टोक माझ्याकडे फेकलं. मी कोपर आणि अंगठ्यामध्ये वेटोळी घालायला लागलो, तसा तो म्हणाला, "अशी नको. पीळ बसतो. किती वर्षं सांगतोय तुला." मग आम्ही दोघांनी ती सरळ जमिनीवर अंथरली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.